उसना प्रकल्प

छापखान्यात तिचं खरं नाव फक्त हजेरीपुरतं होतं. बाकी सगळे तिला कधीबाई म्हणत. सकाळी पर्स ठेवली की ती आधी छपाईच्या प्लेटा करणाऱ्या प्लेटवाल्याकडे जायची, “कधी देणार?” मग मशीनवर, “कधी चढवणार?” मग कटिंगला, मग बाइंडिंगला, आणि मधेच फोनवर कागदवाल्याला, “अहो, गाडी कधी येणार?” दिवसभर तोंडात तो एकच शब्द. शाळेची पुस्तकं असोत नाहीतर औषधांच्या खोक्यात घालायच्या घडीच्या चिठ्ठ्या, प्रत्येक काम चार-पाच हातांतून जायचं, आणि शेजारचा हात काय करतोय याच्याशी कुठल्याच हाताला देणंघेणं नसायचं. त्या सगळ्या हातांच्या मधे ही उभी. गिऱ्हाइकाची बोलणी खायला ही, कामगारांच्या डोळ्यांत खुपायला ही, आणि काम वेळेवर झालं की मालकाची पाठ थोपटायला गिऱ्हाईक मालकाच्या केबिनमध्ये.

आपण नेमकं काय काम करतो, हे तिला कुणाला धड सांगता यायचं नाही. “छापखान्यात असते” एवढं म्हणून ती विषय बदलायची.

नवरा सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याच्या ऑफिसच्या स्नेहसंमेलनात एकदा ती एका बाईशेजारी जेवायला बसली. बाई तिच्याच वयाची, छान कापलेले केस, बोलणं मोकळं. ती प्रोजेक्ट मॅनेजर आहे म्हणाली. कधीबाईने भीतभीतच विचारलं, “म्हणजे नेमकं काय करता?”

“काय करणार? सगळ्यांच्या मागे लागते. कधी होणार, कधी होणार. शिव्या खाते. बस.” बाई हसली.

कधीबाईचा घास हातातच राहिला. हे तर आपणच करतो की! या बाईच्या कामाला नाव आहे, केबिन आहे, गळ्यात ओळखपत्र आहे. आणि आपल्याला काय, तर मागून हाक मारायला एक टोपणनाव.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात किडा शिरला. रोज संध्याकाळी जेवणं आटोपली की ती नवऱ्याचा लॅपटॉप घेऊन बसायची. तंत्रज्ञान क्षेत्रात प्रकल्प व्यवस्थापनाकडे जायचं तर वाटा किती, आणि प्रत्येक वाटेवर दरवान उभा! दोन वर्षांची मोठी पदवी होती, त्यासाठी नोकरी सोडावी लागणार. एक नावाजलेली प्रमाणपत्र परीक्षा होती, पण तिला बसायला आधी प्रकल्प सांभाळल्याचा पुरावा हवा. इंटरनेटवर व्हिडिओ होते, ते ती अर्धे बघून पेंगायची. शहराच्या टोकाला जुन्या तंत्रनिकेतनात संध्याकाळची पदविका होती, पण ती अगदी मुळापासून: संगणक म्हणजे काय, माहितीचा साठा कसा करतात, मग कुठे नियोजन. आणि नदीपलीकडच्या मोठ्या संस्थेत, शनिवार-रविवारी चालणारा, एका वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता.

घरात प्रत्येकाचं मत तयार होतं.

“तू आधी प्रोग्रॅमिंग शीक,” नवरा म्हणाला. “नाहीतर टीम तुला गुंडाळून ठेवेल.”

नणंद फोनवरून म्हणाली, “वहिनी, करायचं तर मोठंच कर. लहानसहान कोर्सला कोण विचारतं?”

सासूबाई म्हणाल्या, “मला त्यातलं कळत नाही. पण ती नदीपलीकडची इमारत काय सुंदर आहे गं!”

खरं सांगायचं तर कधीबाईने तरी काय पाहिलं होतं? अभ्यासक्रमात काय शिकवतात ते तिने वरवर वाचलं. ती एकदा बसने तिकडे जाऊन आली. काचेची उंच भिंत, आत हिरवळ, पायऱ्यांवर बसलेली नीटनेटकी माणसं. तंत्रनिकेतनही तिने पाहिलं होतं, तिथे जिन्याखाली मोडकी बाकं रचून ठेवली होती. तिने इमारत निवडली. अर्ज भरला, लेखी परीक्षा दिली, आणि मुलाखतीला बोलावणं आलं. छापखान्यात सांगायची तिला लाज वाटली. निवड झाली नाही तर सगळे हसतील. म्हणून मालकांना म्हणाली, “दाढ दुखतेय, डॉक्टरकडे जाऊन येते.”

मुलाखतीच्या बाहेरच्या खोलीत सात-आठ जण बसले होते. सगळ्यांच्या पायाशी लॅपटॉपच्या काळ्या बॅगा. क्लायंट असं म्हणाला, रिलीज तसं झालं, असं बोलणं चाललेलं. शेजारच्या तरुणाने सौजन्याने विचारलं, “तुम्ही कुठे असता?”

“प्रिंटिंगमध्ये.”

“अच्छा, म्हणजे प्रिंटर बनवता?”

“हो, तसंच काहीतरी,” ती म्हणाली, आणि नखाच्या कडेला बसलेली निळी शाई दिसू नये म्हणून तिने मुठी मिटल्या.

आत तिघं होती. मधे विभागप्रमुख बाई, पांढरे केस घट्ट मागे बांधलेले. एका बाजूला उद्योगातून आलेले गृहस्थ. तिसरे नुसते लिहून घेत होते. गृहस्थांनी पहिलाच प्रश्न टाकला, “तुम्ही सांभाळलेल्या एखाद्या तंत्रज्ञान प्रकल्पाबद्दल सांगा.”

तिने रात्रंदिवस घोकून ठेवलेलं उत्तर छापखान्याचं होतं. पण त्या थंड खोलीत, त्या चकचकीत टेबलापुढे, “शाळेची पुस्तकं” हे शब्द तिला उच्चारवेनात. आणि मग तिच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

“नोकरी सांभाळून मी एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी समन्वयाचं काम बघते. दवाखान्यांच्या नोंदणीची नवी प्रणाली होती.”

हा प्रकल्प नवऱ्याचा. गेलं वर्षभर जेवताना तो त्याबद्दल बोलत आला होता, त्यामुळे तिला सगळं पाठ होतं. जुनी माहिती नव्या प्रणालीत कशी हलवली, क्लायंट कसा तापला, शेवटी ठरल्या तारखेला कसं सुरू झालं. ती घडाघडा बोलत गेली. आपलाच आवाज आपल्याला इतका खात्रीचा वाटावा, याचं तिला नवल वाटलं.

तेव्हा विभागप्रमुख बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. “तुमच्या टीममध्ये नाराज कोण होतं?”

हे मात्र नवरा कधी बोलला नव्हता. मग तिने आठवायला घेतलं, आणि आठवले ते छापखान्यातले बाइंडरकाका. “एक होते,” ती हळू म्हणाली. “सगळ्यात जुने. तपासणी बघायचे. मी त्यांना न विचारता बाहेर तारीख देऊन टाकली होती. त्यांनी काम थांबवलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. मला आधी राग आला. मग मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. नंतर म्हणाले, तारीख तू देतेस आणि हात आमचे मोडतात. त्यानंतर त्यांना विचारल्याशिवाय मी कुणाला तारीख दिली नाही.”

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. तिसऱ्या माणसाने काहीतरी लिहिलं. मुलाखत संपली.

तिची निवड झाली.

घरात आनंदीआनंद. सासूबाईंनी खालच्या मजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं, वर गॅलरीतून समोरच्या इमारतीतही. नवऱ्याने तिला खांद्याला धरून हलवलं, “बघ! मी म्हणत नव्हतो?” तो असं कधीच म्हणाला नव्हता, पण त्या दिवशी सगळ्यांना सगळं माफ होतं. नणंदेने फुलं पाठवली. कधीबाई हसत होती, आभार मानत होती, आणि कुणी त्या प्रकल्पाचं विचारलं की चहा टाकायला उठत होती. छापखान्यात मालक रोज काळजीने विचारायचे, “दाढेचं काय झालं? काढली का?” आणि ती गालाला हात लावून म्हणायची, “आता बरं आहे.”

तिने मनाची समजूत घातली. एकदा वर्ग सुरू झाले की कोण विचारतंय? सगळेच थोडंफार वाढवून सांगतात. पण संस्थेकडून सूचना आली: मुलाखतीत सांगितलेला प्रकल्प प्रत्येकाने पहिल्याच आठवड्यात वर्गापुढे मांडायचा. ठरलेलं वेळापत्रक काय, प्रत्यक्षात काय झालं, कुठे चुकलं. मग बाकीचे त्यावर प्रश्न विचारणार.

तिने ती सूचना तीनदा वाचली.

रविवारी सकाळी सासूबाई फिरायला गेल्या होत्या. नवरा शर्टांना इस्त्री करत होता. सासूबाईंपुढे ती त्याला अहो म्हणायची, दोघंच असली की अरे.

“अरे, तुझ्या त्या दवाखान्यांच्या प्रकल्पाचं मूळ वेळापत्रक मिळेल का? नुसतं बघायला.”

“ते कशाला तुला?” त्याने वर न बघता विचारलं.

“असंच. अभ्यासाला.”

“दुसरं कुठलंतरी घे ना. ते फार किचकट आहे.”

“मला तेच हवंय.”

आता त्याने वर बघितलं. ती काहीतरी कारण सांगायला गेली, पण सलग इतके दिवस खोटं बोलून तिचा जीव दमला होता. तिने सगळं सांगून टाकलं. बाहेरची खोली, काळ्या बॅगा, पहिला प्रश्न, सगळं. सांगताना ती खिडकीच्या गजांकडे बघत होती.

त्याने इस्त्री उभी करून ठेवली. “तू माझं काम तुझ्या नावावर सांगितलंस?”

“हो.”

“अगं, उद्या तिथल्या कुणी आमच्या ऑफिसात फोन केला असता तर? माझी काय अब्रू राहिली असती?” त्याचा आवाज चढला. “तुला विचारावंसंही वाटलं नाही?”

तिला वाटलं, आता हा अजून बोलेल, बोलू दे, बोलायलाच हवं. पण तो एकदम थांबला. पलंगाच्या कडेला बसला. इस्त्री झालेला शर्ट त्याच्या खाली चुरगळला, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

“आणि सांगितलंस तेही कुठलं,” तो म्हणाला. “जे माझ्या हातून धड झालंच नाही ते.”

“म्हणजे?”

“ते मी पूर्ण केलं नाही. मला मधेच काढलं त्यातून. उशीर होतोय हे मला कळलं होतं, आणि मी ते वर सांगितलंच नाही. आज सावरेल, उद्या सावरेल. शेवटी क्लायंटलाच कळलं. मग दुसऱ्याला आणून बसवलं माझ्या जागी. त्याने संपवलं.”

“पण तू आम्हाला बाहेर जेवायला घेऊन गेला होतास. सुरू झालं म्हणून.”

“सुरू झालंच होतं,” तो म्हणाला. “मी तिथे नव्हतो, एवढंच.”

तिला ते जेवण आठवलं. सासूबाईंनी वेटरलासुद्धा सांगितलं होतं, माझ्या मुलाने मोठं काम केलंय म्हणून, आणि हा पाण्याचा पेला उचलून पीतच राहिला होता. तेव्हा तिला वाटलं, किती साधा आहे, कौतुकाने लाजतोय.

एकमेकांकडे बघायची सोय उरली नव्हती. दारात सासूबाईंच्या चपलांचा आवाज आला तेव्हा तो पटकन उठला आणि तोच चुरगळलेला शर्ट पुन्हा टेबलावर पसरून इस्त्री फिरवू लागला.

दुसऱ्या दिवशी कधीबाई नदीपलीकडे गेली. या वेळी मालकांना तिने कुठलंच दुखणं सांगितलं नाही, नुसतं “काम आहे” म्हणाली. विभागप्रमुख बाई आपल्या खोलीत डबा खात होत्या. त्यांनी झाकण लावलं आणि समोरची खुर्ची दाखवली. ती बसली नाही. उभ्यानेच बोलली, कारण बसली असती तर तिला रडू आलं असतं.

“मी मुलाखतीत सांगितलेला प्रकल्प माझा नाही. माझ्या मिस्टरांचा आहे. मी छापखान्यात काम करते. एवढंच करते.”

बाईंनी चष्मा काढला. “सगळंच त्यांचं होतं?”

“हो.”

“तो पायरीवर जाऊन बसलेला माणूस?”

“तो नाही. ते आमचे बाइंडरकाका. पुस्तकं शिवतात.”

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, “प्रकल्पाचं जे काही तुम्ही सांगितलंत, ते माझ्या सहकाऱ्याला पोकळ वाटलं होतं. ते नको म्हणत होते. मी त्या म्हाताऱ्यासाठी तुम्हाला घेतलं.”

कधीबाईच्या मनात आशेची एक तार हलली. ती बाईंच्याही लक्षात आली असावी, कारण त्यांनी लगेच पुढे म्हटलं, “पण जागा तुम्हाला देता येणार नाही. प्रतीक्षेत दुसरे आहेत, आणि ते खरं बोललेत. पुढच्या वर्षी अर्ज करा हवं तर. मुलाखतीला मीच असेन. आणि मला आठवेल, हेही आधीच सांगून ठेवते.”

“हो मॅडम.”

“हेच सगळं तुम्ही त्या दिवशी सांगितलं असतंत तर?” बाईंनी विचारलं. रागाने नाही, खरंच कळत नाही अशा सुरात. त्या सुरानेच तिला जास्त लागलं. राग सोसायची तिला सवय होती.

घरी आल्यावर सासूबाईंना काय सांगायचं हा प्रश्न नवऱ्याने सोडवला. “आई, तिची जागा रद्द झाली. त्यांच्याकडे काहीतरी गोंधळ झालाय,” तो म्हणाला, आणि कधीबाईने ते खाली मान घालून चालू दिलं. म्हणजे खरं बोलून आलेल्या दिवशीच संध्याकाळी पुन्हा एक खोटं. जिन्यात शेजारीण भेटली की “वर्ग सुरू झाले का हो?” असं विचारायची, त्यामुळे काही दिवस कधीबाई मागच्या जिन्याने ये-जा करत होती.

मग एक दिवस ती तंत्रनिकेतनात गेली. तिथले कारकून म्हणाले, “बाई, हे तर अगदी पहिल्यापासून आहे. तुमच्या वयाला—” आणि थांबले.

“मला पहिल्यापासूनच हवंय,” ती म्हणाली. हे काही धिटाईने म्हटलं नव्हतं. नदीपलीकडच्या त्या खोलीत आपल्याला येत काय होतं, तर नवऱ्याची वाक्यं. माहिती हलवली म्हणजे नेमकं काय हलवलं, कुठून, कशात, आणि त्याला उशीर का होतो, हे तिला एका ओळीत कुणी विचारलं असतं तर तिची बोबडी वळली असती. ज्याची तारीख विचारायची ते काम तरी माहीत हवं. छापखान्यात तिला शाई सुकायला किती वेळ लागतो ते माहीत होतं, म्हणून तिच्या ‘कधी’ला अर्थ होता. हा हिशेब तिने आता पहिल्यांदा मांडला. इमारत बघण्याआधी मांडायला हवा होता.

मालकांना मात्र या वेळी सरळ सांगितलं. संध्याकाळी लवकर निघावं लागेल, शिकायला जायचंय.

“जा की,” मालक म्हणाले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. “आणि तेव्हा ती दाढ?”

“दाढ दुखत नव्हती. मी मुलाखतीला गेले होते.”

मालकांनी पेन खाली ठेवलं. “मी माझ्या बायकोला सांगून तुझ्यासाठी डॉक्टर शोधून ठेवला होता,” ते म्हणाले. “सांगितलं असतंस तर सुट्टी दिली नसती का?” आणि पुढ्यातल्या कागदांत डोकं घातलं. पुढचे चार दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. पाचव्या दिवशी कटिंगचं मशीन बिघडलं तेव्हा सगळं पूर्ववत झालं, पण “बरं आहे ना?” असं त्यांनी तिला परत कधी विचारलं नाही.

तंत्रनिकेतनातली दोन वर्षं तिला जड गेली. वर्गातली मुलं तिला पहिल्या दिवशी शिक्षिका समजून उठून उभी राहिली. पहिल्या चाचणीत ती नापास झाली. माहितीच्या तक्त्यांचं गणित तिला काही केल्या उलगडेना. एकदा तिने नवऱ्याला विचारलं. तो समजवायला बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, “थांब, मलाही हे नीट येत नाही. बघून सांगतो.” लग्नानंतर त्याच्या तोंडून असं वाक्य तिने पहिल्यांदाच ऐकलं. दोघांनी मिळून ते बघितलं. तेव्हापासून तो अधूनमधून ऑफिसमधलं बिघडलेलंही सांगू लागला. फार नाही, थोडं.

पदविका झाल्यावर तिला एका लहान कंपनीत साहाय्यक म्हणून घेतलं. बसगाड्यांचं वेळापत्रक बनवायचं सॉफ्टवेअर करणारी कंपनी, दोन खोल्यांची. मुलाखतीत “आधीचा अनुभव?” असं विचारलं तेव्हा तिची कानशिलं तापली. तरी तिने छापखाना सांगितला, बाइंडरकाका सांगितले, त्यांच्या खऱ्या धंद्यासकट. समोरचा माणूस ऐकत होता की घड्याळ बघत होता, तिला कळलं नाही. नोकरी मिळाली. पद लहान होतं. ओळखपत्र होतं, पण ती ते गळ्यात घालण्याऐवजी पर्समध्येच ठेवायची.

सासूबाईंनी मात्र त्या मोठ्या संस्थेला माफ केलं नव्हतं. घरी कुणी आलं आणि सुनेच्या नोकरीचा विषय निघाला, की त्या सुरू व्हायच्या. “एवढी गुणी माझी सून, आणि त्या मेल्यांनी दिलेली जागा काढून घेतली! मोठं नाव आणि आत सगळा सावळागोंधळ!” पाहुणे हळहळायचे, आणि कधीबाई रिकामे कप गोळा करायला उठायची.

एका दुपारी पाहुणे गेल्यावर तिला ते सोसवेना. सासूबाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. “आई, तुम्ही त्या लोकांना बोल लावू नका. त्यांची काही चूक नव्हती. मीच—”

“माहितीये मला,” सासूबाई म्हणाल्या.

“काय माहितीये?”

“तू त्याचं काम स्वतःचं म्हणून सांगितलंस ते. त्याने मला तेव्हाच सांगितलं, त्याच आठवड्यात. माझ्याजवळ त्याच्या पोटात काही राहत नाही.”

कधीबाईला पायाखालची फरशी गार लागली. एवढी वर्षं ही बाई सगळं जाणून होती. जाणून पाहुण्यांपुढे तिची बाजू घेत होती. “मग तुम्ही लोकांना असं का सांगता?”

“मग काय सांगू?” सासूबाई म्हणाल्या. “घरातली गोष्ट आहे. चुकलीस, कळलं तुला, संपलं. आणि त्यालाही मी म्हटलं, अरे, तिला तुझ्या त्या कामाचं एवढं अप्रूप वाटलं म्हणून तिने ते सांगितलं. केवढं मोठं काम केलं होतंस तू. तिच्या जागी मी असते तरी मला मोह झाला असता.”

कधीबाईने तोंड उघडलं.

“काय गं?” सासूबाईंनी विचारलं. “त्याने अजून काही सांगायचं ठेवलंय का?”

“नाही आई,” ती म्हणाली. तिचा चेहरा पुन्हा तापला होता, आणि या वेळी ती लाज कुणाची हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. “काही नाही. तुमचा तो कप द्या इकडे.”